वीट, वीणा, तुळस आणि नदी : आमच्या वारकरी शाळेच्या बोधचिन्हाची नोंदणी

सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या निवासी वारकरी शाळेच्या बोधचिन्हाचं ट्रेडमार्क नोंदणी प्रमाणपत्र आलं. कामाला हात घातला होता २०२२च्या आषाढीनंतर. तिवसा तालुक्यात, वर्धेच्या काठावर आमचं गाव आहे. असलं काम याआधी केलेलं आजूबाजूला कोणी सापडलं नाही, आणि सुरुवातीला तर कोणत्या कचेरीत जायचं हेसुद्धा कळत नव्हतं. गावोगावच्या लहान धार्मिक संस्थांमध्ये माझ्यासारखे सचिव असतील, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे.

आमची शाळा लहान आहे. मुलं दिवसा गावातल्या शाळेत जातात. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, मग पखवाज आणि गायन, आणि सुट्टीच्या दिवशी गाथा आणि ज्ञानेश्वरीचा पाठ. संस्थेची नोंदणी जुनी आहे. जुनं बोधचिन्हही होतं : एक ढाल, ढालीवर तीन सिंह, मध्ये उघडं पुस्तक, पिसाची लेखणी, पेटलेली मशाल आणि दोन्ही बाजूंनी वळलेल्या पानांच्या फांद्या. पावती पुस्तकावर, लेटरहेडवर आणि फाटकाच्या कमानीवर तेच. पावती पुस्तकं छापताना छापखान्यातल्या नमुन्यांतून कोणीतरी ते निवडलं होतं, एवढंच जुने विश्वस्त सांगत.

नागपूरच्या एका देणगीदारांनी पावती पाहून फोन केला. "ताई, हे सिंह तुम्हाला वापरता येतात का, एकदा विचारून घ्या." मी विचारलं, वाचलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह ही भारताची राजमुद्रा आहे, २६ जानेवारी १९५० पासून. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याचे नियम २००७चे. आपला सरकारशी संबंध आहे असं वाटावं अशा रीतीने परवानगीशिवाय ती वापरली, तर दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं त्यात लिहिलेलं आहे. आमच्या पावत्या देणगीच्या होत्या. दुसऱ्याच दिवशी उरलेली पावती पुस्तकं कपाटात बंद केली आणि कमानीवरच्या सिंहांवर चुना मारून घेतला. नवीन चिन्ह ठरेपर्यंत साध्या अक्षरांतली पुस्तकं छापली. तुमच्या संस्थेच्या कागदावर सिंह असतील, तर बाकी सगळं नंतर, हे आधी करा.

आता चिन्ह नवीन करायचंच होतं, तर काय करायचं? तरुण विश्वस्तांचं म्हणणं होतं, सिंह काढा, ढाल राहू द्या, ढालीमुळे शाळेसारखं दिसतं. आमचे पखवाजाचे गुरुजी, ज्यांना सगळं गाव आबाजी म्हणतं, ते ऐकत बसले होते. ते म्हणाले, "ढाल कायले पायजे? आपन कोनासंग लढून राह्यलो?"

मला त्या प्रश्नाचं उत्तर शोधावंसं वाटलं. ढालीवरची चिन्हं ही बाराव्या शतकातल्या युरोपातली रीत. चिलखत आणि शिरस्त्राण घातलेला सरदार ओळखू यायचा नाही, म्हणून ढालीवर त्याची खूण. पुढे तीच रीत घराण्यांनी, शहरांनी, चर्चने आणि विद्यापीठांनी उचलली. इंग्रजी राज्य आणि मिशनच्या शाळांबरोबर ती आपल्याकडे आली आणि शाळा म्हटली की ढाल असं होऊन बसलं. लंडनला १४८४ पासून या चिन्हांची नोंद ठेवणारं कार्यालय आहे. आपल्याकडे तसं काही नाही. इथे रस्ता ट्रेडमार्कचा, म्हणजे चिन्हाच्या नोंदणीचा, किंवा कॉपीराइटचा, म्हणजे चित्रावरच्या हक्काचा. आम्ही ट्रेडमार्कचा धरला.

या वाचनात एक गोष्ट मात्र मला फार कामाची सापडली. त्या परंपरेत चित्रापेक्षा वर्णन मोठं. चिन्हात काय आहे, कुठे आहे, कोणत्या रंगात आहे, हे आधी ठरलेल्या शब्दांत लिहितात. तेच खरं. चित्रकार बदलला, रेषा बदलली तरी चालतं, वर्णन बदलत नाही. मी ठरवलं की आपणही आधी लिहायचं आणि मग काढायचं.

दुसऱ्या धर्मसंस्थांनी हे कसं केलं तेही पाहिलं. नागपूरला धंतोलीच्या रामकृष्ण मठात गेले. त्यांचं चिन्ह स्वामी विवेकानंदांनी स्वतः योजलेलं आहे : लाटांचं पाणी म्हणजे कर्म, कमळ म्हणजे भक्ती, उगवता सूर्य म्हणजे ज्ञान, भोवती वेढलेला नाग म्हणजे योग आणि जागी झालेली कुंडलिनी, मध्ये हंस म्हणजे परमात्मा. कर्म, भक्ती, ज्ञान, योग एकत्र आले की परमात्म्याचं दर्शन, असा सगळा मिळून एक विचार. माझा भाचा मुंबईत माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेत शिकलेला. त्याने ती शाळा चालवणाऱ्या सेल्सियन या ख्रिस्ती संघाचं १८८५ सालचं चिन्ह दाखवलं. ते खरोखर ढालीचं आहे आणि त्यात बरंच काही आहे : तारा श्रद्धेचा, जहाजाचा नांगर आशेचा, पेटतं हृदय प्रेमाचं, आणि संत फ्रान्सिस द सेल्स यांची मूर्ती, ज्यांच्या नावावरून संघाचं नाव पडलं. खाली एक लहानसं वन आहे, कारण संस्थापकांचं आडनाव बॉस्को आणि इटालियनमध्ये बॉस्को म्हणजे वन. मागे उंच डोंगर. ढाल त्यांच्या परंपरेतली आहे, त्यांना शोभते. जैन समाजाचं चिन्ह १९७४-७५ मधलं, भगवान महावीरांच्या निर्वाणाला २५०० वर्षं झाली तेव्हा सगळ्या पंथांनी मिळून स्वीकारलेलं. लोकाच्या, म्हणजे विश्वाच्या, आकाराची रेघ, आत स्वस्तिक, वर तीन ठिपके, त्यावर सिद्धशिलेची, म्हणजे मुक्त जीवांच्या जागेची, चंद्रकोर, खाली अहिंसेचा हात. वेगवेगळ्या पंथांचं एका चित्रावर एकमत झालं, याने मला मोठा धीर आला. आमचं तर एकच गाव होतं.

गावाची बैठक एकादशीला हरिपाठानंतर ठेवली. ती लांबली, आणि लांबली ते बरंच झालं. एकाने शिवाजी महाराजांचं चित्र सुचवलं. आदर सगळ्यांनाच आहे, पण १९५०चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा कायदा मी वाचून गेले होते. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत, अशा चिन्हाची नोंदणी होत नाही. मग अर्थातच विठ्ठलाची मूर्ती पुढे आली. मला वाटलं, यावर वाद होईल. पण सगळ्यात मागे बसलेल्या एका आजींनी सांगितलं, "पावती कचऱ्यात जाते, पोरं पेपर फाडून फेकते. देवाले पायाखाली आनू नका, माय." कायद्याची बाजूही तीच निघाली. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९(२) मध्ये धार्मिक भावना दुखावतील अशा चिन्हांना मनाई आहे. शिवाय २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीच्या एका प्रकरणात 'रामायण' या धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एकाचा मालकी हक्क मान्य केला नव्हता. देवाच्या मूर्तीवर आपल्या संस्थेचा हक्क मागणं मलाही रुचलं नसतं.

मूर्ती नाही, मग काय? आबाजी म्हणाले, वीट. पुंडलिकाने फेकलेली वीट, आणि तिच्यावर अजूनही उभा असलेला तो. "विटेवर कोन हाये हे ज्याले सांगा लागते, त्यानं आधी शाळेत नाव टाकावं."

नदीवर दुमत नव्हतं. वर्धा, जुन्या नावाने वरदा. हिच्याच काठावर कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. तिथून दरवर्षी रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला पायी जाते आणि आमची मुलं तिच्या दिंडीत चालतात. मग बायकांनी विचारलं, विठोबाची वीट आली, आमच्या पोरीची खूण कुठे आहे? कौंडण्यपूरच्या पंचक्रोशीत रुक्मिणी ही 'आमची पोरगी' आहे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. कोणी करंडा म्हटलं, कोणी कमळ. शेवटी तुलाभाराची गोष्ट निघाली : सत्यभामेचं सगळं सोनं तराजूत टाकूनही पारडं हललं नाही, आणि रुक्मिणीने एक तुळशीपत्र ठेवल्याबरोबर कृष्ण तुलला गेला. तुळस माळकऱ्याच्या गळ्यातही आहे. एका पानात दोन्ही आलं. चौथी खूण वीणा. शेतकरी मंडळींना कपाशीचं बोंड हवं होतं. ते राहून गेलं, कारण रबरी शिक्क्यात चारपेक्षा जास्त खुणा एकमेकींना चिकटतात. मला अजून त्याची रुखरुख आहे.

ब्रीदवाक्यावर मात्र मी अडून बसले. संतांची ओळ सगळ्यांची आहे, ती नोंदणीच्या चौकटीत घालायची नाही. मंडळींनी ऐकलं.

त्या रात्री लिहिलेलं वर्णन असं : 'टाळाच्या गोल कडेत खाली तीन लाटा, ती वरदा. तिच्यावर आडवी वीट, ती पुंडलिकाच्या सेवेची, वर जागा मोकळी. उजवीकडे खांद्यावर धरल्यासारखी तिरपी वीणा, ती अखंड नामाची. डावीकडे तुळशीचं एक पान, ते रुक्मिणीचं आणि माळेचं.' हा कागद आम्ही इतिवृत्तात चिकटवला. पुढे प्रत्येक कचेरीत तोच उपयोगी पडला. तुम्ही काहीही करण्याआधी असा कागद करून घ्या, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य गावातल्या शाळकरी मुलाला समजतं का ते बघा.

चित्र अमरावतीच्या एका कलाशिक्षकांनी काढलं, सहा हजार रुपयांत. पहिल्या चित्रात वीणा दोन भोपळ्यांची आली, सरस्वतीच्या हातात असते तशी. वारकऱ्याची वीणा एका भोपळ्याची, तंबोऱ्याच्या जातीची, छातीशी उभी धरायची. आबाजींनी शाळेतली वीणा त्यांच्या हातात दिली आणि तासभर तशीच धरायला लावली. दुसऱ्या चित्रात वीणेचा भोपळा विटेला टेकला होता. आबाजींनी लगेच हात वर केला. सप्ताहात सात दिवस रात्रंदिवस पहारे बदलतात, एक जण पाया पडून दुसऱ्याच्या हाती वीणा देतो, ती खाली ठेवायची नसते. "विटेवर टेकली म्हंजे ठेवलीच." म्हणून वीट आणि वीणा यांच्यात फट आहे. शिक्क्याच्या आकारात ती फट बुजायची, तर शिक्षकांनी वीट थोडी आखूड केली. ती फट मला या चिन्हातली सगळ्यात जास्त आवडते.

रंगांबाबत ढालीच्या परंपरेतला एक नियम सरळ उचलला. त्यांच्यात सोनेरी आणि रुपेरी यांना धातू म्हणतात, बाकीच्यांना रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको, कारण लांबून दिसत नाही. आमच्या फाटकावर आता गेरूवर पिवळी वीट आहे, रस्त्यावरून दिसते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं असं नाही. नोकरीत नसलेल्या चित्रकाराने काढलेल्या चित्राचा कॉपीराइट सहसा पहिल्यांदा त्याचाच असतो. तो संस्थेकडे येण्यासाठी लेखी करार लागतो, आणि करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आम्ही 'संपूर्ण मुदतीसाठी' असं स्पष्ट लिहून घेतलं. शिक्षकांनी आनंदाने सही केली.

जानेवारी २०२३ मध्ये रीतसर नोटीस काढून सभा घेतली. ठरावात तीन गोष्टी : नवीन बोधचिन्ह स्वीकारलं, जुनं बंद केलं, अर्जावर सही करायचे अधिकार सचिवांना दिले. आमच्या नियमावलीत बोधचिन्हाचं कलम नव्हतं, त्यामुळे वकिलांच्या मते धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागला नाही. तुमच्या नियमावलीत असेल किंवा न्यासाच्या नोंदवहीतली एखादी नोंद बदलत असेल, तर न्यास कायद्याच्या कलम २२ची, बदल कळवायची ९० दिवसांची मुदत विसरू नका. परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा, ताजा उतारा मात्र लागलाच, त्यासाठी अमरावतीला जावं लागलं. संस्थेचं पॅन कार्ड आणि नोंदणी प्रमाणपत्र यांच्यावर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का, ते जाण्याआधी बघा.

अर्ज फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑनलाइन केला. महाराष्ट्राचं ट्रेडमार्क कार्यालय मुंबईला आहे, पण जावं लागत नाही. ऑनलाइन अर्जाला डिजिटल सही लागते. ती माझ्याकडे नव्हती, म्हणून अमरावतीतला एजंट धरला, त्याची फी चार हजार. त्याला अधिकार देणारा टीएम-४८ हा नमुना तेव्हा शंभराच्या स्टँप पेपरवर केला. सरकारी शुल्क एका वर्गाला, म्हणजे माल किंवा सेवेच्या एका प्रकाराला, नऊ हजार. व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योगाला ते साडेचार हजार आहे, पण आमच्या न्यासाला ती सवलत मिळाली नाही. आमच्यासाठी नऊ हजार म्हणजे महिन्याचा किराणा, आणि त्या दिवशी माझा हात अडखळला. शिक्षणाचा वर्ग ४१. एजंट आणखी दोन वर्ग सुचवत होता, आम्ही एकावरच थांबलो. अगरबत्ती किंवा पुस्तकं विकायची नसतील तर तुम्हीही थांबा.

अर्जाच्या टीएम-ए नमुन्यात चित्र आठ बाय आठ सेंटिमीटरच्या आत बसावं लागतं. आम्ही काळं-पांढरं दिलं. रंगांची मर्यादा घातली नाही, तर नोंदणी सगळ्या रंगांसाठी धरतात. देवनागरी नावाचं रोमन लिप्यंतर आणि इंग्रजी अर्थ द्यावा लागला. चिन्ह नवीन असल्यामुळे 'वापर प्रस्तावित' असं लिहिलं. जुनं चिन्ह नोंदवणार असाल तर कधीपासून वापरता याचं प्रतिज्ञापत्र आणि जुन्या पावत्या, पत्रिका, फोटो हे पुरावे लागतील. आजच गोळा करायला घ्या.

आपल्यासारखं चिन्ह आधी कोणी नोंदवलं आहे का, याचा शोध मात्र अर्जाआधी स्वतः करा. तो सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. चित्रांना त्यांत काय आहे त्यावरून व्हिएन्ना संकेतांक नावाचे क्रमांक असतात, वाद्यं २२ क्रमांकाच्या गटात येतात. मी रात्री मुलं झोपल्यावर वर्ग ४१ मधल्या वीणा बघत बसायची. बहुतेक संगीत वर्गांच्या होत्या, आणि जवळजवळ सगळ्या दोन भोपळ्यांच्या.

मे महिन्यात परीक्षण अहवाल आला. तो वाचून माझे हातपाय गळाले, कारण भाषा नकार दिल्यासारखी असते. कलम ११ खाली त्यांनी वीणा असलेली काही चिन्हं आमच्यासारखी म्हणून दाखवली होती. एजंटने सांगितलं की असे अहवाल कितीतरी अर्जांना येतात, घाबरू नका, एका महिन्यात उत्तर द्या. मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरू शकतात. उत्तरात आम्ही वर्णनाचा तोच कागद इंग्रजी करून जोडला, एका भोपळ्याच्या वीणेतला फरक चित्राने दाखवला, आणि चिन्ह एकत्रितपणे बघावं, सुट्या वीणेवर आमचा हक्क नाही, असं स्पष्ट लिहिलं. देवाच्या मूर्तीवरून आक्षेप आला नाही, कारण मूर्तीच नव्हती.

मग काहीच नाही. पावसाळा गेला, पालखी जाऊन परत आली, कापूस वेचायला आला. संकेतस्थळावर एकच ओळ दिसत राहायची. या शांततेचीच खरी सवय करावी लागते. सुनावणी डिसेंबरमध्ये लागली, व्हिडिओवर. गावात नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून मी तिवशाला भाचीच्या घरी जाऊन बसले. एजंट बोलणार होता, पण अधिकाऱ्यांनी मलाच विचारलं, मध्ये हा आडवा आयत काय आहे? मी म्हणाले, "सर, ती वीट आहे. पंढरपूरची." ते मराठी होते. मान हलवून त्यांनी पुढचं पान उलटलं. फरकाचे दोन मुद्दे एजंटने मांडले आणि काम आटोपलं.

एप्रिल २०२४ मध्ये चिन्ह ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलं. जर्नल दर सोमवारी निघतं. प्रसिद्धीपासून चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतो. या चार महिन्यांत मला सगळ्यात जास्त धाकधूक होती, कारण कोणी विरोध केला असता तर वकील लावण्याची आमची ऐपत नव्हती. कोणी केला नाही. आषाढी झाली, ऑगस्ट सरला, आणि सप्टेंबरमध्ये प्रमाणपत्र ईमेलवर आलं. कागदावर हवं असेल तर आपणच छापायचं. मी तिवशाच्या झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रत काढली, आणि आबाजींनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली, इंग्रजी असूनही.

गोलातला आर फक्त नोंदणी झाल्यावर लावायचा, तोपर्यंत टीएम चालतं. आम्ही पावतीवर दोन्हींपैकी काहीच लावलेलं नाही, शिक्क्यात जागा नाही. मुदत दहा वर्षांची असते आणि ती अर्जाच्या तारखेपासून मोजतात, प्रमाणपत्राच्या नाही. म्हणजे आमचं नूतनीकरण फेब्रुवारी २०३३ मध्ये, टीएम-आर नमुन्यात, आणि ते आधीच्या एका वर्षात कधीही करता येतं. तेव्हा सचिव कोण असेल माहीत नाही, म्हणून ही तारीख संस्थेच्या इतिवृत्ताच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून त्याखाली सगळ्या विश्वस्तांच्या सह्या घेतल्या आहेत.